खोडलेली ओळ

सुरत, मंगळवार, सायंकाळ

हजीऱ्याहून जाणाऱ्या गॅस पाइपलाइनवरचे, डोंगरातले आमचे संदेश-केंद्र काल मुके झाले. तिथे वीज पोहोचत नाही. पाइपलाइनमधल्याच गॅसची ज्योत जळते आणि तिच्या उष्णतेवर जनित्र वीज देते. आत काजळी साचली होती, असे आज निष्पन्न झाले. ठपका कंत्राटी तंत्रज्ञ पाटील यांच्यावर. उद्या त्यांना कामावरून काढणार.

परंतु गेल्या तपासणीच्या अहवालात पाटलांनी स्पष्ट लिहिले होते, "ज्योत निळी नाही, पिवळी आहे." अहवाल तपासताना ती ओळ मी खोडली आणि अहवालाची स्वच्छ प्रत करवून घेतली. छापील नमुन्यात व्होल्टचा रकाना आहे, रंगाचा नाही. आकडा मर्यादेत होता. "पाटील, अहवाल हवा आहे, रंगपेटी नव्हे," असेही वर सुनावले. पिवळी. पिवळी ज्योत म्हणजे काजळी; त्या एका शब्दात सारे होते. मग मी तपासत काय होतो?

दुपारी त्यांचा फोन आला. "साहेब, काळजी नका करू. ती ओळ तुम्ही खोडली, हे मी कोणाला बोललो नाही."

"बोला, जरूर बोला," एवढेच म्हणायचे होते. मी "बरं" म्हणालो.