अडतीस खुंट्या

४ सप्टेंबर

आज पुन्हा खुंट्यांची फळी. पन्नास भोकं, पन्नास लाकडी खुंट्या, पाच मिनिटं. अपघातानंतर माणसाच्या हातात किती काम उरलंय ते आमच्या ऑफिसला एवढ्यावरून कळतं म्हणे!

आजचा 'लाभार्थी' छापखान्यातला कटरवाला, म्हणजे कागदाचे गठ्ठे कापणारा. उजव्या हाताची मधली तीन बोटं पात्याखाली गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. तीन बोटं देऊन माणूस लाभार्थी होतो — हा शब्द काढणाऱ्याला एकदा फळीसमोर बसवायला हवं.

एकोणीस लावल्या. घामाघूम झाला. दीड महिन्यांनी दुसरी चाचणी, तीच धरायची. तीसच्या आत राहिला तर संगणकावरची अक्षरजुळणी शिकायला पाठवतात, बैठं काम. तीसच्या वर गेला की 'पूर्वीच्या कामास योग्य', म्हणजे परत त्याच पात्यापाशी. आणि ही तीसची रेघ त्याला सांगायची नाही, असा नियम!

जाताना त्याची बायको दारात थांबली. म्हणाली, "ताई, त्यांना परत त्या मशीनवर नका पाठवू." बघू म्हटलं. त्याला मात्र सगळ्यांना सांगते तेच सांगितलं — हात चालता ठेवा, सराव करा, जिद्द सोडू नका.

९ सप्टेंबर

सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. मी नकळत घड्याळ पाहिलं. हे म्हणाले, निदान घरातल्यांना तरी मार्क देऊ नकोस.

१६ ऑक्टोबर

अडतीस!

मी दोनदा मोजल्या. अंगठा आणि करंगळीत खुंटी धरून खटाखट लावत गेला. शेवटी हसून विचारलं, "पास झालो ना, बाई?" मग पिशवीतून एक लाकडी पाट काढला. घरी स्वतः भोकं पाडलेला, खुंट्यांच्या जागी पेन्सिलींचे तुकडे. रोज सकाळी बायको घड्याळ घेऊन समोर बसायची. तीही हसत होती. जास्त खुंट्या लावल्या की खुर्चीवरचं काम मिळणार, असं दोघांनी धरून ठेवलेलं.

सराव करा म्हणणारी मीच. पंधरा वर्षं येईल त्याला हेच ऐकवत आले, जीभ कधी अडखळली नाही. आता स्वतःचीच चीड येते.

'छान' म्हटलं.

१७ ऑक्टोबर

साहेबांकडे गेले. म्हटलं, हा आकडा सरावाचा आहे. फळीवर चुकलं तर खुंटी पडते, कटरवर चुकलं तर उरलेला हात जाईल. त्यांनी फायलीतून डोकंही वर काढलं नाही. "तुम्हाला मोजायला नेमलंय, कीव करायला नाही."

शेरा लिहायला फॉर्मवर अर्धी ओळ. अर्ध्या ओळीत काय मावणार, माझं कपाळ!

१८ ऑक्टोबर

कोरा फॉर्म घेतला. अठ्ठावीस लिहिलं. सही केली. नेहमीसारखीच वळणदार आली. माझी दहाही बोटं शाबूत आहेत ना!

२ नोव्हेंबर

त्याला अक्षरजुळणीच्या वर्गात घेतल्याचं पत्र गेलं. आज चक्क गुणगुणत भाजी चिरली. हे बघतच राहिले.

६ नोव्हेंबर

पत्रासोबत निकालाची प्रत जाते. कशी विसरले मी!

तो आला. बसा म्हटलं, बसला नाही. "बाई, मी अडतीस लावल्या होत्या."

बाहेर नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं — तीसची रेघ, पातं, त्याच्या बायकोचं म्हणणं. नियम मोडून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणाले जमणार नाही. मालक म्हणाले जमणार नाही. तुमच्यासमोर जमलं होतं. तेही तुम्ही खोडलंत."

तुमच्या भल्यासाठीच केलं, म्हटलं. बोलल्यावर कळलं, डॉक्टर आणि मालकही हेच म्हणाले असणार.

पत्र माझ्या हातात देऊन गेला. बायकोला कळलंय का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

११ नोव्हेंबर

सकाळी टेबलावर त्याचा पाट. शिपाई म्हणाला, कटरवाले ठेवून गेले, थांबायला वेळ नव्हता. छापखान्यात मालकासमोर हाच पाट मांडून पेन्सिली लावून दाखवल्या म्हणे. आजपासून कटरवर रुजू.

पेन्सिली तशाच खोचलेल्या आहेत. मोजल्या. अडतीस.