हौदातली गाणी

प्रिय मंद्या,

तुझ्या निवडक गाण्यांचा अल्बम येतोय. काम तुझ्या इम्रानने अंगावर घेतलं. तुमच्या बँडचा ड्रमर तो, गाणी त्यानेच निवडायची हे बरोबरच होतं. आतल्या पानावर तुझ्याविषयी चार ओळी मात्र मी लिहायच्या. बसले लिहायला. ‘माझा धाकटा भाऊ मंदार हा एक गुणी...’ पुढे पेनच सरकेना. तुझ्याबद्दल असं परक्यासारखं कसं लिहू रे? म्हणून सरळ तुलाच लिहितेय.

दुष्काळाची ती वर्षं आठवतात? सिडकोतल्या आपल्या अंगणातला, जमिनीखालचा हौद कोरडा पडला आणि तुला स्टुडिओ सापडला! शिडी लावून, गिटार घेऊन आत उतरायचास, तिथेच गाणी रेकॉर्ड करायचास. म्हणे, आवाज काय घुमतो इथे! अख्खं शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं आणि आमचा हा दिवटा टँकर उशिरा यावा म्हणून देव पाण्यात घालून! तेही घरात पाणी नसताना.

एकदा टँकरवाल्याने आत न डोकावताच पाइप सोडला. तू ऐन रंगात. आधी गिटार वर आली, मग भिजलेल्या मांजरासारखा तू. ते गाणंही अल्बममध्ये आहे, शेवटच्या किंकाळीसकट. ऐकून मी हसत सुटले, मग रडत बसले.

चिकलठाण्याकडे शेतं जाऊन इमारती उठल्या. नळाला थेंब नाही आणि गेटवर कारंजं! त्यावर तू गाणं केलंस. मामांनी ते ऐकून विचारलं, “बरंय, पण नोकरीचं काय?” तू लगेच तेही कडव्यात घातलंस, त्यांच्यासमोरच. किती आगाऊ होतास! पण ताप अंगावर काढायचा शहाणपणा कुणी सांगितला होता तुला? डॉक्टरकडे जा म्हणत होते मी, तेवढं एक ऐकलं असतंस तर? माझा राग अजून गेलेला नाही.

तुझ्या बऱ्याच गाण्यांत मध्येच वरून आईचा आवाज येतो. “मंद्या, टँकर आलाय! वर ये आधी, नाही तर बस तिथंच जन्मभर!” इम्रान म्हणाला, “ताई, आई की आवाज निकाल देऊं क्या? तुम बोलो वैसा.” मी म्हटलं, आईलाच विचारू.

तू गेल्यापासून तिने तुझं एकही गाणं ऐकलं नव्हतं. इम्रान लॅपटॉप घेऊन घरी आला. मी तिच्या कानांना हेडफोन लावून दिला. स्वतःचंच ओरडणं ऐकून ती कावरीबावरी झाली.

“काढून टाक बाबा ते. लोक म्हणतील, पोरगं होतं तवर लई खेकसली त्याच्यावर.”

“काढतो, आई,” इम्रान म्हणाला आणि अडखळला. तिच्या ओरडण्यामागोमाग तू तारांवर हात ठेवून म्हणतोस, “आलो गं आई.” हाकच नसली तर हे उत्तर कुणाला?

“पर आई,” तो हळूच म्हणाला, “मग याचं ‘आलो’ पण जाईल.”

आईने कानांवरचा हेडफोन नीट केला. मग म्हणाली, “परत लाव.”

त्याने परत लावलं. आणि मंद्या, खोटं नाही सांगत, तुझं ‘आलो’ ऐकलं आणि तिने दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. नंतर हेडफोन काढून म्हणाली, “राहू दे. माझं ओरडणं पण राहू दे.”

आता रोज दुपारी ती तेवढाच तुकडा ऐकते. गाणं पुढे सुरू झालं की बंद करते.

तुला शब्द देते, कुणी कितीही साफसफाई करायला सांगितली तरी त्या तुकड्याला मी हात लावू देणार नाही. आणि ती ऐकत असली की मी दाराशी जाणार नाही, बेल वाजली तरी. तेवढा वेळ तिच्यासाठी तू येतोयस.

तुझीच,
ताई