मापाच्या वहीची मागची पानं

३ जून

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नवी वही कोण आणतंय, म्हणून शिवणाच्या मापांचीच वही उलटी धरली नि मागून सुरुवात केली. पुढून गिऱ्हाइकांच्या छाती-कंबर-बाह्या, मागून मी. मधली पानं कोरी. अपघातानंतर त्यात माप कुठलं पडायला.

आज वकीलबाईंकडे. मी आणि धाकटी जाऊ मंजुळा. (इथून पुढे नुसतं मं. डाव्या हाताला एवढंच परवडतं.) बन्नूरहून बारशाचं जेवून म्हैसूरला येताना आमची रिक्षा एक, तिला धडकलेला उसाचा ट्रॅक्टर एक, वेळ एक. तिचा पाय गेला, माझा उजवा हात. मला वाटलं, भरपाईही सारखीच. तर नाही. व.बाईंनी कागदावर मांडून दाखवलं. महिन्याची कमाई गुणिले बारा. त्याला वयाचा आकडा गुणायचा. मग शरीर कामाला जितके टक्के निकामी, तितका भाग घ्यायचा. वर दवाखान्याचा खर्च आणि दुखण्याचं काहीतरी. वयाचा आकडा माझा तेरा, सत्तेचाळिशीची म्हणून. मं. चौतीसची, तिचा सोळा.

"कमाईचा पुरावा?"

मं.ने पिशवीतून फाइल काढली. हेब्बाळच्या कारखान्यातल्या पगाराच्या चिठ्ठ्या, महिन्यावार, क्लिपा लावून. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती.

६ जून

सोळा महिने झाले, तिची खाट माझ्या शिवणखोलीत आहे. जिना चढवत नाही म्हणून "अक्का, सुम्ने, असंच थोडे दिवस" म्हणत खाली आली. मशीन बोळात. माझ्या कापायच्या टेबलावर तिच्या गोळ्या, तिचा आरसा, तिची पावडर.

दवाखान्यात तिला बघायला कारखान्याचे साहेब आले होते. सफरचंदं, फुलं, लाइनवरच्या चार बाया. मला बघायला कोण आलं? गिऱ्हाइकं. "शारदक्का, कशा आहात? आमचा ब्लाउजपीस तेवढा…" एकेक करून सगळ्या आपापलं कापड घेऊन गेल्या. एकीने तर कापलेलंच नेलं, दुसऱ्याकडून शिवून घेते म्हणाली. नाव लिहीत नाही.

जळते मी. लिहायला कशाची लाज?

१० जून

डॉक्टरांचा दाखला आला. माझा हात बेचाळीस टक्के, पण सगळ्या शरीराच्या मानाने चौदा. तिचा पाय पंचेचाळीस, शरीराच्या मानाने पंधरा. एका टक्क्याने का होईना, बाई पुढेच.

व.बाई म्हणाल्या, शरीराच्या टक्क्यांवर जाऊ नका, कामाचं किती गेलं ते कोर्ट बघतं. कात्री धरणारा अंगठाच गेला तर शिंपिणीचं जवळजवळ सगळंच गेलं, हे आपण मांडू. मं.चंही तसंच. तिचं लाइनवर आठ तास उभ्याने तपासायचं काम, उभं राहवत नाही म्हणून काढून टाकलंय. उभं राहणं, जिना चढणं जमत नाही, हेच तिच्या केसमधलं मुख्य. हे मोडलं तर तिची केस मोडली.

ह्यांना विचारलं, "माझी केस कशावर?" म्हणाले, "तुझी तोंडावर."

१४ जून

पाहिलं. आज डोळ्यांनी पाहिलं. दवाखान्यात हाताच्या व्यायामाला निघाले होते, रिक्षात बसताना सहज वर नजर गेली. मं. गच्चीवर. काठी नाही, कुणाचा हात नाही, कठड्याशी उभी. दोन जिने चढून गेली बाई. आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो.

म्हणजे नाटक आहे. सगळी सोळा वर्षं नाटकाची घेणार. मला खरं सांगायचं तर रिक्षात बसून हसू आलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहून ठेवते: १४ जून, सकाळी साडेदहा, काठीशिवाय, गच्चीवर.

२३ जून

माझी उलटतपासणी.

इन्शुरन्सचा वकील अगदी गोड. कन्नडात, "अम्मा, अम्मा" करत. महिन्याला किती मिळवत होता? मी खरं तेच सांगितलं, पंधरा हजार, दसऱ्याला जास्त. मग त्याने एक कागद पुढे केला. आमच्या रेशनकार्डाचा अर्ज. स्वस्त तांदळाचं कार्ड मिळावं म्हणून ह्यांनी उत्पन्न पार खाली लिहिलेलं, खाली सही माझी. घरातली कर्ती बाई मीच ना. गल्लीत सगळ्यांनी तसंच लिहिलंय. अर्जात वर्षाचं जे दाखवलंय ते मी दसऱ्याच्या एका महिन्यात मिळवत होते.

"अम्मा, यातलं खोटं कुठलं? हे की ते?"

आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा. तोही चांगला होता तेव्हाच्या हाताने. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मागच्या बाकावर मं. फाइल मांडीवर घेऊन बसलेली. माझ्याकडे बघत नव्हती. तिची दया आली असेल तर ती नको मला.

२४ जून

व.बाईंचं तोंड उतरलेलं. कमाई सिद्ध झाली नाही तर कोर्ट आपल्या अंदाजाने मजुरीचा आकडा धरेल, कार्डामुळे तोही खालचाच. बावीस वर्षं देवराज मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांच्या पाठी मी मापल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. कोर्टाला लागतो.

"काहीतरी लिहिलेलं असेल ना? पावत्या? हिशेब?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात मं. म्हणाली, "अक्काची मापाची वही आहे की. तारीख, नाव, शिलाई, सगळं. वर कापडाचा तुकडा टाचलेला असतो प्रत्येकीचा."

व.बाई खुर्चीतून उठल्याच. हेच पाहिजे, म्हणाल्या. ही वही दसऱ्याच्या आधी सुरू केलेली, तिथून अपघातापर्यंतचं सगळं तीत आहे. मूळ वहीच लागेल, झेरॉक्स नाही. समोरचा वकील पानन्‌पान बघेल, फाडलेलं दिसलं तर काय लपवलं म्हणून विचारेल. आणि त्याच वकिलासमोर पुढच्या महिन्यात मं.ची उलटतपासणी.

मला दरदरून घाम. व.बाईंना वाटलं आनंदाने.

२६ जून

गच्चीचं कळलं. शेजारची पद्मक्का कढीपत्ता मागायला आली. "तुझी जाऊ बरी आहे ना आता? त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गच्चीवर बसून होती बिचारी."

मी ऊन द्यायला टाकलेली हिरवी मैसूर सिल्क. लग्नातली. माकडं ओढत होती. घरात कुणी नव्हतं, मी व्यायामाला निघालेले ती दिवेलागणीनंतरच परतले. मं. बसत बसत, पायरी पायरी करत वर गेली. माकडं हाकलली, साडी घेतली, आणि मग उतरताच येईना. पाय सुजून खांबासारखा. संध्याकाळी भाऊजी कामावरून आले, त्यांनी पाठीवर घेऊन खाली आणली. साडी घडी करून माझ्या कपाटात.

मला कुणी सांगितलं नाही. "अक्काला कशाला सांगायचं, तिला वाईट वाटेल," असं मं. म्हणाली म्हणे.

वाटलंच. पण आधी राग आला. चांगलं वागायचं तर निदान कळू तरी द्यावं माणसाने, म्हणजे समोरचा इतकं वाईट लिहीत तरी नाही.

२८ जून

वही बघत बसले. एकच जाड वही, मधोमध दोऱ्याने शिवलेली. १४ जूनचं पान ओढलं की त्याच कागदाचं पुढचं अर्धं निघतं. ते कुठलं? दसऱ्याचं. एकूण चार कागद मी मागून भरलेत आणि त्या चारांवर पुढून सगळा दसरा. जरीचे, ब्रोकेडचे तुकडे टाचलेले. माझी सगळ्यात भरलेली पानं. ती गेली तर उरतो मार्गशीर्ष-पौष, फॉल-पिको नि शाळेचे झगे. कार्डावरचा आकडाच खरा ठरेल.

कात्रीने नुसतं मागचं अर्धं कापलं तर कड दिसणार. काय कापलंत, अम्मा? दोरा उसवून अख्खा कागद काढला तर मागमूस राहत नाही. दसराही राहत नाही.

आणि तशीच दिली तर मं.चा पाय गेला. साडेदहाची वेळसुद्धा घालून ठेवलीय मी. माकडं नि साडी वकील मागाहून ऐकेल, आधी "काठीशिवाय" वाचेल.

देऊच नको वही, असंही वाटतं. मग मी कोण? बिनकामाची बाई, तेराचा आकडा.

तिच्यासाठी मी माझा दसरा घालवायचा? तिच्याकडे फाइल आहे, सोळा आहेत, उचलून घेणारा नवरा आहे, माझी खोली आहे. तिच्यासाठी का म्हणून?

२९ जून

व.बाईंचा फोन. वही मराठीत, कोर्टाला कन्नडात करून हवी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पैसे देऊन करून घेऊ का, विचारत होत्या. मी काही बोलायच्या आत मं. खोलीतून म्हणाली, "अक्का, मीच करते. बसूनच तर असते. सातवीपर्यंत तूच तर शिकवलंस मला मराठी वाचायला."

म्हणजे सातवीपर्यंतची पुस्तकं. लग्न होऊन आली तेव्हा घरात मराठी बोलायची, वाचता येत नव्हतं. माहेरून, निपाणीहून आणलेल्या माझ्या पुस्तकांवर शिकली, दुपारी, मी शिवत असताना, स्टुलावर बसून. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आलं मेलीचं. तेव्हाही थोडं दुखलंच होतं पोटात.

वही मागितली तिने. शोधते म्हटलं. आता बोळात मशीनपाशी बसलेय. उसवायला डावा हात पुरतो, कात्री लागत नाही, टाचणी चालते. मधला दोरा चार टाक्यांचा. दोन काढून झालेत. तिसरा काढला की कागद सुटणार.

पुढचं पान उघडं आहे. अष्टमी, मं.चंच माप. जांभळा ब्रोकेड, बाही कोपरापर्यंत. शिलाईच्या जागी तिच्याच अक्षरात: अक्काने घेतली नाही.

"अक्का, सापडली का?"

थांब म्हटलं, येते.