पाडीची पावडर

अहो,
वास्कोहून आलात की आधी हे वाचा, मग गोठ्यात जा. आपल्या गायीची पाडी सकाळी गेली. दूध तोडल्यापासून खंगतच होती. तिच्यासाठी तुम्ही आणलेली खनिजांची पावडर आई रोज गायीलाच घालत होत्या. "दूद गाय दिता, मगे पावडर पाडयेक कित्याक?" दूध देते ती गाय, मग पाडीला पावडर कशाला, हे त्यांचं गणित. डबा वेळेवर संपतोय म्हणून मीही खूश होते, कोणाच्या पोटात जातोय ते बघितलं नाही. आता त्या रिकाम्या दाव्यापाशी बसल्यात, पेजसुद्धा घेत नाहीत. खड्डा खणायला देवेशभावोजींना बोलवायला मी जाते.

आई विचारतील, "ती पावडर गायचीच न्हय रे?" तुमचा खरेपणा आजच्या दिवस खुंटीला टांगा आणि हो म्हणा.

चंद्रावती