खिशातली ‘कवटीफोड’

शेफील्ड, ८ फेब्रुवारी १९९३

ती. स्व. नोरीन मावशीस,
रसेलचा सा. न. वि. वि.

तू विणलेला स्वेटर पोचला. बाह्या इतक्या लांब आहेत, की तू मला अजून वाढत्या वयाचा समजतेस असं दिसतं. ऊब मात्र छान आहे.

सोबत खिशात मावणारं गेमचं यंत्र आणि त्यात घालायची खेळाची कॅसेट पाठवतोय. क्लीथॉर्प्सला तुझ्या व्हिडिओ गेम पार्लरच्या दाराशीच ‘कवटीफोड’चं कपाटाएवढं यंत्र आहे ना, ज्यावर दिवसभर हाणामारी चालते? तोच खेळ आम्ही चौघांनी आठ महिने खपून या चिमुकल्यात बसवलाय. सहा बटणांचं काम दोन बटणांवर आणलं. पडदा हिरवट असल्यामुळे रक्त वाटाण्याच्या लगद्यासारखं दिसतं, पण आहे भरपूर. आमचे मालक पिकर्सगिल तसं खोक्यावर छापणार आहेत.

आम्हाला तर तो फक्कड वाटतो. पण आपल्या ताकाला आंबट कोण म्हणणार? तुझ्याकडच्या एखाद्या पट्टीच्या खेळाडूला दे आणि खरं काय ते कळव. हा चालला तरच आमचे खेळ बाजारात आणणारी प्रकाशक कंपनी दुसरा खेळ देणार आहे. नाही तर गालिच्यांच्या दुकानावरची आमची खोली बंद, आणि मी बाबांच्या मागे नळदुरुस्तीची पिशवी घेऊन गावभर.

माया आहे तशीच ठेव.
तुझा,
रसेल


क्लीथॉर्प्स, १९ फेब्रुवारी

चि. रसेल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू खरं काय ते कळव म्हणालास, म्हणून कळवते. रडायचं नाही.

माझ्याकडे ब्रेंडा म्हणून एक बाई येते. ग्रिम्सबीच्या शेडमध्ये मासे सोलते. जेवणाच्या सुट्टीत बस पकडून येते, ‘कवटीफोड’वर पाच-सहा दांडगटांना आडवं करते, चिप्स खाते आणि परत जाते. तिच्या हातात तुझं यंत्र दिलं. ती म्हणाली, की बटण दाबल्यापासून ठोसा निघेपर्यंत माझा एक हॅडॉक सोलून होईल. आणि रक्त उडायला लागलं की दोघं पैलवान ओहोटीच्या चिखलात गमबूट घालून चालल्यासारखे लढतात. पुढे म्हणाली, ज्यानं हे बनवलं त्याला अंगठे तरी नसतील, नाही तर लाज तरी. मग मी सांगितलं, की तो माझा भाचा आहे. तर म्हणते कशी, मग त्याला आठवडाभर जेवायला बोलाव, अशक्त असेल बिचारा.

हसू आलं मला, पण काळजीही वाटली. अरे, तुम्ही चौघं आठ महिने रोज खेळताय, आणि ब्रेंडाला पाच मिनिटांत दिसलं ते तुम्हाला दिसू नये? तुझ्या बाबांची पिशवी फार जड असते, एवढं लक्षात ठेव.

जेवणाची आबाळ करू नकोस. आईला फोन कर, ती माझ्याकडे तक्रार करते.
तुझी,
नोरीन मावशी


शेफील्ड, ४ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस फुगून बसलो होतो. आमचं चौघांचं ठरलं, की ब्रेंडाबाईंनाच खेळता येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असंही मी म्हणालो. त्यांना सांगू नकोस.

मग खालच्या दुकानातल्या मिसेस ऑलरॉइडना वर बोलावलं. त्यांनी आयुष्यात असं यंत्र धरलेलं नाही. मी पडद्याकडे न बघता त्यांच्या अंगठ्यांकडे बघत राहिलो, आणि मग आमच्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही चौघंही समोरचा लाथ उचलायच्या आधीच बटण दाबतो! आठ महिन्यांत हातांना सवय लागली आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही. खेळ पहिल्या दिवसापासून गोगलगाय होता. आमचे अंगठे तेवढे तयार झाले होते. इतकी लाज मला शाळेत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

दोष रक्ताचा आहे. प्रत्येक थेंब यंत्राला वेगळा हलवावा लागतो, आणि तेवढ्यात त्याची दमछाक होते. रक्त काढलं तर वेग येईल. पण पिकर्सगिल म्हणतात, मग खेळाचं नाव ‘कवटीकुरवाळ’ ठेवू या का? प्रकाशकाला त्यांनी रक्ताचा शब्द दिलाय. माझ्या हातात दोन आठवडे आहेत, आणि मला काही सुचत नाही.

तुझ्या आशीर्वादाची आज खरंच गरज आहे.
रसेल


क्लीथॉर्प्स, ९ मार्च

चि. रसेल यास,
अ. उ. आ.

घाईत लिहितेय, दारात गिऱ्हाईक आहे. एकतीस वर्षं मी सुट्टे पैसे द्यायच्या काचेमागे बसलेय. मला यंत्राचे पडदे दिसत नाहीत, माणसांची तोंडं दिसतात. दर ठोशाला रक्त उडतं त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बघतात फक्त शेवटच्या घावाला. तेव्हा चिप्स खाणाऱ्याचा हातही थांबतो. मग ठेव ना सगळं रक्त त्या एका घावाला! तिथे यंत्र दमलं तरी बिघडलं कुठे, लढाई तर संपलेलीच असते. पिकर्सगिलांचा शब्दही राहील.

ते ऐकत नसतील तर त्यांचा नंबर कळव.
तुझी मावशी


शेफील्ड, ११ ऑक्टोबर

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

इतके महिने फोनवरच भागवलं, पण आजचं फोनवर बोलवेना.

तू सांगितलंस तसंच केलं, पिकर्सगिलही मानले. खेळ पुष्कळ सुधारला, तरी कपाटाचा वेग खिशाला येत नाही तो नाहीच. सप्टेंबरात दुकानांत गेला, आणि काल गेमच्या मासिकात परीक्षण आलं. शंभरात अडतीस. वर लिहिलंय, की खेळ एवढा संथ आहे, की तुमची मावशीसुद्धा जिंकेल. कोणीतरी ते कात्रण भिंतीवर लावलं आणि कोणीतरी काढलं.

एकोणतीस तारखेला प्रकाशकाचा माणूस निकाल द्यायला येतोय. बाबांनी आत्ताच माझ्या छातीचं माप विचारलं, कामाच्या डगल्यासाठी.

दुकानातली कॅसेट सोबत पाठवतोय. आठवण म्हणून ठेव.
तुझा,
रसेल


क्लीथॉर्प्स, १८ ऑक्टोबर

चि. रसेल यास,
अ. उ. आ.

आता मी सांगते ते कोणाला सांगितलेलं नाही. एकतीस वर्षांत मी माझ्या पार्लरमध्ये एकही डाव खेळलेली नाही. तुझ्या काकांचा नियम होता, गिऱ्हाइकाचं यंत्र मालकानं अडवायचं नाही. ते गेले तरी मी नियम पाळला. पण खरं सांगू? मला भीती वाटायची. मागे घोळका उभा, आणि मी एकोणसाठ वर्षांची बाई चाचपडत बटणं दाबतेय. नको रे बाबा!

काल रविवारी स्वयंपाकघरात चहा घेऊन बसले आणि तुझी कॅसेट लावली. अकरा वेळा मार खाल्ला. बघायला कोणी नव्हतं. बाराव्या वेळी त्याची लाथ येताना मला दिसली. दिसायला वेळ मिळाला, रसेल! मी अडवली, वळले आणि फोडली कवटी. एवढ्यानं ओरडले, की शेजारचे मिस्टर टॅपर काठी घेऊन धावत आले. मग तेही खेळायला बसले आणि जेवायला घरी गेले नाहीत.

आज मुद्दाम खेळण्यांच्या दुकानात गेले. तुझ्या खेळाचा माल संपलाय. दुकानदार म्हणाला, की पोरंसोरं थोडी, आयाबाया आणि आजोबाच जास्त घेऊन गेले. म्हणजे माझ्या दाराबाहेर उभे राहून आत बघत राहतात आणि निघून जातात, तीच ही माणसं. त्यांना आत या म्हणणारं आजवर कोणी नव्हतं. मीही कधी म्हटलं नाही, याचं वाईट वाटलं.

हे पत्र त्या प्रकाशकाच्या माणसाला दाखव. शुद्धलेखन सुधारून दाखवलंस तर कान उपटीन.
तुझी अभिमानी,
नोरीन मावशी


शेफील्ड, ३० ऑक्टोबर

ती. स्व. मावशीस,
रसेलचे शि. सा. न. वि. वि.

पिकर्सगिलनी तुझं पत्र उभं राहून मोठ्यानं वाचलं. मिस्टर टॅपर काठी घेऊन आले तिथे प्रकाशकाचा माणूस इतका हसला, की चहा टायवर सांडला. मग त्यानं बॅगेतून ग्राहकांनी भरून पाठवलेल्या कार्डांचा गठ्ठा काढला. त्यांतही तेच होतं, कोणी पन्नाशीचं तर कोणी सत्तरीचं. दुसरा खेळ आम्हालाच मिळाला! अट एकच, वेग वाढवायचा नाही.

मावशी, मी जिन्यात जाऊन रडलो. तुला कळवायला हरकत नाही, तू थोडीच हसणार आहेस.

नव्या खोक्यावर काय छापायचं, ते पिकर्सगिलनी त्याच बैठकीत ठरवलं. मासिकाचंच वाक्य, मोठ्या अक्षरांत, जसंच्या तसं: ‘तुमची मावशीसुद्धा जिंकेल.’

तुझाच,
रसेल