तुमचा सायन्सवाला पोरगा

बाबा,

काल वरोऱ्याला आमच्या ज्युनिअर कॉलेजात एक बाप मुलीला घेऊन आला. मुलीला अर्थशास्त्र शिकायचं होतं आणि बापाला एवढंच विचारायचं होतं, "सर, बीए मोठं का बीएससी?" मी सांगितलं, मोठं-लहान काही नसतं. गणित, संख्याशास्त्र आवडत असेल तर बीएससी करू दे, इतिहास आणि राज्यशास्त्रासोबत शिकायचं असेल तर बीए. दोन मिनिटं लागली. बाप हसत गेला, आणि मला तुमचा इतका राग आला की पुढचा तास मी घेतलाच नाही.

तुम्हाला ही दोन मिनिटं कोणी दिली असती तरी तुम्ही ऐकलं नसतं. तेंदूपत्त्याच्या हंगामात तुम्ही फळीवर, म्हणजे ठेकेदार पानं मोजून घेतो त्या जागी, मुन्शी. बायका पहाटेपासून जंगलात पानं तोडून, पुडे बांधून तुमच्यापुढे रांगेत मांडायच्या. तुम्ही पुडा दाबून पाहायचात आणि पानं कमी वाटली की पायाने बाजूला सारायचात. हाताने नाही, पायाने. एक म्हातारी रडायला लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "रडून पानं वाढते का वं?" मी बारावी सायन्सचा, शेजारी उभा होतो. जी पानं तोडते तिला त्यांचा भाव का ठरवता येत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा खुपलं. म्हणून मला अर्थशास्त्र घेऊन बीए करायचं होतं, गडचिरोलीलाच.

बारावीच्या निकालानंतरची ती संध्याकाळ. आई भात उतरवते आहे. मी फॉर्म पुढे करतो. तुम्ही 'कला शाखा' एवढंच वाचता आणि कागद चुलीत घालता. "आर्ट्स नापास पोट्टे घेतेत. सायन्स नाई तं या घरात जेवण नाई." त्या दिवशी माझं ताट खरंच मांडलं जात नाही.

मग मी चलाखी केली. नागपूरला गणित, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र असं बीएससी होतं. नावात सायन्स आलं, तुम्ही खूश. तीन वर्षं मी आलेख काढत बसलो आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात, "माहा पोरगा सायन्सवाला." सुट्टीत आलो की लोक मला गोळ्यांची पाकिटं दाखवायचे, साप चावला तर काय करायचं ते विचारायचे. माझ्या सायन्समध्ये ना औषध आहे ना शरीर, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही लोकांत फुशारकी मारायचात आणि मी मनातल्या मनात तुमची टिंगल करायचो. तेवढाच सूड मला परवडत होता.

शेवटच्या वर्षी तुम्हाला बीपी निघालं. गावातल्या आशा स्वयंसेविकेने, आपल्या आशाताईंनी, घरी गोळ्या आणून देताना बजावलं, बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही. दोन महिन्यांनी तुमचा फोन आला. "आता डोकं नाई दुखून राह्यलं. गोळी बंद करू का? आशाताई नाई म्हणते, पण तू सायन्सवाला आहे, तुले समजते."

मी म्हणालो, "बरं वाटते तं करा बंद."

तुम्ही केली. आशाताई वाटेत भेटल्या तर त्यांना म्हणालात, "माह्या पोराले तुह्यापेक्षा जास्त समजते." दिवाळीच्या आधी लकवा आला. चार दिवस तुमची जीभ वळली नाही, उजवा पाय हलला नाही. तो पाय पाहून मला क्षणभर बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

'मला माहीत नाही, आशाताईंचं ऐका,' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण तुम्ही जन्मात पहिल्यांदा मला काही विचारत होतात, बाबा. मला ते फार आवडलं. म्हणून सांगून टाकलं.

तुमची गोळी बंद होती हे आईला माहीत नाही. तिला वाटतं, आशाताईंच्या गोळ्यांनीच तुमचा घात केला. खरं काय ते आशाताईंना माहीत आहे. वाटेतलं ते बोलणं त्यांनी मला एकट्यालाच सांगितलं, दुसऱ्या कोणाला नाही. हे पत्र आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसलो होतो. दाखवणार नाही. इतकी वर्षं झाली, ती त्या बाईशी बोलत नाही, आणि मी तिला बोल असं एकदाही म्हटलेलं नाही.