भात कुठल्या टोपलीत

माय, आज तुझ्याशी बोलावंसं वाटतंय, आणि ते आपल्या मराठीतच जमेल. घरात आता सगळे हिंदी बोलतात, माझी मुलगीसुद्धा. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, पुढे माझं काय होईल ते तुला दिसलं नाही. तर मी जामुलमधल्या एका लहान शाळेत बालवाडीच्या मुलांना शिकवते. बहुतेक मुलं जवळच्या हथखोजच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची. यंदा आम्हाला सांगण्यात आलं की मुलांना खाण्यापिण्याचं शिकवा, काय खावं, काय नको, हे लहानपणीच कळलं पाहिजे. मला ते पटलं. अजूनही पटतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला नीट अर्थ लागत नाही.

मी दोन टोपल्या आणल्या, एक हिरवी, एक लाल. जुन्या मासिकांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलांनी एकेक चित्र उचलायचं आणि बरोबर टोपलीत टाकायचं. पालक, डाळ, अंडं, पेरू हिरवीत. चिप्सचं पाकीट, रंगीत सरबत लालमध्ये. मुलं खुशीत होती. मग एकाच्या हाती नुसत्या पांढऱ्या भाताचं चित्र आलं आणि त्याने विचारलं, हे कुठे? मी जरा अडखळले. म्हटलं, नुसत्या भाताने होत नाही, सोबत डाळ पाहिजे, भाजी पाहिजे. त्याने ते लाल टोपलीत टाकलं. तेवढ्यात घंटा झाली आणि चित्र तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी डबा उघडेना. अंगाने बारीक आहे, केस तांबूस पडलेत, वजनकाट्यावर नेहमी मागे. तिच्या डब्यात रोज बासी असते, आपल्या शेजारची छत्तीसगढी काकी करायची तशीच, रात्रीचा भात पाण्यात भिजवून, वर मीठ आणि कांदा. मी जवळ बसून विचारलं तर ती हळूच म्हणाली, "ये लाल वाला है।" मी समजावलं, तिने मान हलवली, आणि डबा तसाच भरलेला घरी नेला. त्या आठवड्यात रोज हेच चाललं.

मला आपलं क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवलं. मी शाळेतून आले आहे, दप्तर पाठीवरच, आणि तू पोळ्या लाटत असताना मी तुला घडाघडा म्हणून दाखवते आहे की बाईंनी सांगितलं, रोज दूध प्यावं, अंडं खावं, फळ खावं. तू वर न पाहता म्हणालीस, "तुह्या बाईले इचार, अंडे का झाडाले लागतेत?" त्यानंतर संध्याकाळभर तू माझ्याशी बोलली नाहीस. बाबा प्लांटच्या कोक ओव्हनवर ड्यूटी करून आले तरी तुझा चेहरा तसाच. पण त्या रविवारी तू अंडं उकडलंस. दोऱ्याचं एक टोक दातात धरून अंड्याचे सारखे भाग केलेस, आम्हा भावंडांना दिलेस, बाबांना दिलास. तुझं कुठे म्हटल्यावर म्हणालीस, "मले वास येते त्याचा." पुढे दादा प्लांटमध्ये लागला आणि अंड्यांचा अख्खा ट्रे घरी आणू लागला, तेव्हाही तू खाल्लं नाहीस. म्हणून मी मानलं की तुला खरंच आवडत नसेल. तू गेल्यावर विहारात मावशी भेटली, ती म्हणाली, लहानपणी तू कोंबडीखालची अंडी चोरून कच्चीच प्यायचीस. मग खरं काय धरू? तू तेव्हा रागावली होतीस की लाजली होतीस? आणि मी ते बोलले नसते तर आमच्या घरी रविवारचं अंडं आलं असतं का?

शनिवारी त्या मुलीची आई आली. कारखान्यातून तशीच आली होती, ओढणीला लोखंडाची बारीक धूळ. भांडेल असं वाटलं होतं, पण तिने शांतपणे विचारलं की बासी लाल टोपलीतली आहे का. मी म्हटलं, बासी वाईट नाही, तिने पोटाला थंडावा मिळतो, पण वाढत्या पोरीला तेवढी पुरत नाही, तिचं वजन कमी आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वो हमको भी पता है," ती म्हणाली. "आप सही बोल रहे हो। बस उसको ऐसा मत लगे कि माँ खराब खिलाती है। बाकी मैं देखूँगी।"

मी तसं कधी बोलले नाही, असं मला सांगायचं होतं. पण सांगता आलं नाही, कारण मी ते बोलले की नाही हेच मला कळेना. ती गेल्यावर मी वर्गात उगीच खुर्च्या सरळ करत राहिले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीशेजारी बसले आणि तिच्या डब्यातला एक घास मागितला. तिने दिला. मी खाल्ला, आवडला म्हटलं. तिने विचारलं, "सच में, कि झूठ बोल रहे हो?" मी म्हटलं, सच में. घास थंड होता, किंचित आंबट, आणि मला खरोखर आवडला. तरी ते बोलताना खोटं बोलल्यासारखं वाटलं. मग ती जेवली.

लाल टोपली मी कपाटावर ठेवून दिली. लगेच एका पोराने विचारलं, म्हणजे आता चिप्सही चांगले? मी नाही म्हटलं, आणि वर्गात एकच गलका झाला. त्या मुलीच्या डब्यात हल्ली कधी भिजवलेले चणे असतात, कधी मुनग्याच्या शेंगांची भाजी. तिची आई म्हणाली होती तसं बघते आहे. म्हणजे माझा पाठ लागू पडला? की तिच्या आईच्या मनाला लागलं म्हणून चणे आले? आणि तिने ते कुणाच्या वाटणीतून काढले? शाळेत सगळे म्हणतात, उपक्रम चांगला झाला. मी मान हलवते.

तू असतीस तर तुला विचारलं असतं, आणि तू बहुतेक म्हणाली असतीस, "कावून एवढा इचार करून राहिली?" तेवढ्यानेही बरं वाटलं असतं. पण तू नाहीस आणि हा कागद कुठे जाणार नाही. घरात कुणाच्या हाती लागला तरी एवढं मराठी कुणी वाचत बसणार नाही. उद्या फळांचा पाठ आहे. उतईहून फळं विकायला येणाऱ्या बाईकडून पेरू घेऊन ठेवलेत, सगळ्यांना पुरतील एवढे, घरी जाऊन कुणाला मागायला लागू नये म्हणून. पण खरं सांगते माय, हा पाठ मी एकदा पुढे ढकलला आहे, आणि उद्याही सकाळी उठून गाणीच घेईन असं वाटतंय.